टाकीवरचा चिनी गुलाब

इमारतीच्या मागच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, जमिनीखाली. तिच्या स्लॅबवर जेमतेम वीतभर माती, तीही बांधकामातून उरलेली. चुन्याचे खडे, विटांचे तुकडे, भरड वाळू. मोठं झाड लावावं तर मुळं स्लॅबला जाऊन भिडणार आणि स्लॅब तडकला तर सगळ्या इमारतीचं पाणी बंद. त्यामुळे ती जागा वर्षानुवर्षं तशीच पडून होती. मोडकी खुर्ची, पाय तुटलेलं टेबल, कुणाच्या तरी न्हाणीघरातून निघालेलं बेसिन असं काहीबाही तिथे येऊन पडायचं.

या जागेला लागून तळमजल्यावरच्या एका खोलीची खिडकी आहे. खोलीला तेवढी एकच. खिडकीच्या आत पलंग आहे आणि पलंगावर उशांना टेकून बसलेले एक निवृत्त मेकॅनिक. बसडेपोतल्या धुरानं त्यांची छाती कामातून गेली आहे. मोरीपर्यंत जाऊन आले तरी दम लागतो, त्यामुळे दिवस पलंगावरच जातो.

त्यांची बायको त्याच डेपोत कंडक्टर होती. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी अख्खी इमारत तिला कंडक्टरबाईच म्हणते. जिन्यात दोन माणसं बोलत उभी दिसली की तिच्या तोंडून अजूनही निघतं, "चला, पुढे सरका, वाट मोकळी ठेवा." आणि माणसं सरकतात.

टाकीवर फरशा बसवून तिथे स्कूटर आणि मोटारसायकली लावायच्या, असा ठराव सोसायटीत पुढे आला, तेव्हा तो सांगायला सेक्रेटरी स्वतः खाली आला. येणं भागच होतं. सेक्रेटरी म्हणजे मेकॅनिकचा सख्खा धाकटा भाऊ, राहायला तिसऱ्या मजल्यावर.

"वहिनी, दादाला त्रास होईल हे मला कळत नाही का?" तो म्हणाला. "पण बहुतेक घरांनी सह्या केल्यात. मी एकट्यानं नाही म्हणून काय होणार?"

"तुम्ही पण केलीत सही, भाऊजी?"

"सेक्रेटरीला सगळ्यात आधी करावी लागते."

पलंगावरून मेकॅनिक म्हणाले, "मग खिडकी पण बुजवून घे ना. फरशीवाला येणारच आहे, दोन विटा इकडेही लावेल. एका खेपेत काम."

दिरानं खिडकीतून बाहेर पाहिलं. सकाळी गाड्या सुरू झाल्या की सगळा धूर या खिडकीतून आत येणार हे त्याला दिसत होतं. खिडकी बंद ठेवावी तर खोलीत हवा नाही. तो म्हणाला, "त्या जागेत कचरा साठतो, डास होतात, म्हणून लोक वैतागलेत. बाग असती तर कुणी ब्र काढला नसता."

"मग बाग करते."

"स्लॅबवर? वीतभर मातीत?"

"ते माझ्याकडे लागलं. सभा कधी आहे?"

"तीन महिन्यांनी."

"तोवर फरशीवाल्याला थांबवा. लोक बघतील आणि ठरवतील."

दिरानं कबूल केलं. त्यात फारसं काही जात नाही, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरबाईनं जागा रिकामी करायला घेतली. कुठली अडगळ कुणाची, हे तिला पाठ होतं, कारण टाकताना खिडकीतून मेकॅनिकनी पाहिलेलं होतं. ज्याची वस्तू त्याच्या दारात गेली. बेसिन तिसऱ्या मजल्यावर गेलं. दार उघडलेल्या जावेनं बेसिनकडे बघितलं, मग मोठ्या जावेकडे, आणि ते आत ओढून घेतलं.

लावायचं काय, हा प्रश्न तिला पडलाच नाही. तिच्या पायरीवर एक कुंडी होती, चिनी गुलाबाची. डेपोतल्या नियंत्रण केबिनच्या छपरावर फुटक्या डब्यांमध्ये हे झाड वाढायचं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी झाडलोट करणाऱ्या बाईनं त्याच्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिल्या होत्या. झाड म्हणावं असं त्यात काही नाही. सुईसारखी जाडसर रसरशीत पानं, जमिनीवर लोळत पसरणाऱ्या नाजूक काड्या. फुलं मात्र गुलाबी, लाल, पिवळी, केशरी, पांढरी. काही जण त्याला ऑफिसटाइम म्हणतात, कारण ऊन चढल्यावर फूल उघडतं आणि दुपार कलली की मिटतं. मुळं उथळ असतात. टिनाच्या छपरावर जगणारं झाड स्लॅबवर का जगू नये, एवढा सरळ तिचा विचार होता.

बोटभर काडी तोडायची, खालची पानं काढायची, मातीत खोचायची. आठवडाभरात मूळ धरतं. एका कुंडीतून निघाल्या तेवढ्या काड्या तिनं गुडघे दुखत असताना पाटावर बसून, पाट सरकवत सरकवत लावल्या. त्या वाढल्या की त्यांच्याच काड्या तोडून पुढच्या ओळी. खिडकीतून सूचना चालू होत्या.

"डावीकडची ओळ वाकडी गेलीय."

"अहो, ही काय बस आहे का, सरळ रेषेत लावायला?"

"बस तू कधी सरळ लावू दिलीस? ड्रायव्हर रडायचा."

महिन्याभरात निम्मी टाकी हिरवी दिसू लागली. जिन्यातून जाता-येता लोक थांबायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी विटा तिरक्या खोचून कडेला कुंपण करून दिलं. कंडक्टरबाई खूश झाली आणि जो येईल त्याला सांगू लागली, "बाग माझी एकटीची नाही, सगळ्यांची आहे. सगळ्यांनी लक्ष ठेवा."

लोकांनी लक्ष ठेवलं.

पुढच्या पंधरवड्यात पानं पिवळी पडली. काड्या बुडाशी काळ्या झाल्या आणि हात लावला की चिखलासारख्या बोटाला चिकटू लागल्या. एका सकाळी एक कोपरा बसला, दोन दिवसांनी दुसरा. कंडक्टरबाईला एकच कारण सुचलं. कुणीतरी मुद्दाम साबणाचं पाणी नाहीतर रॉकेल ओततंय, आणि ते कोण हेही तिनं मनाशी ठरवून टाकलं. गुडघे विसरून ती तीन मजले चढली.

"भाऊजी कुठे आहेत?"

"आंघोळीला गेलेत," जाऊ म्हणाली. "काय झालं, ताई?"

"बाहेर आले की विचार त्यांना, रात्री माझ्या झाडांवर काय ओततात. फरशाच बसवायच्या होत्या तर तोंडावर सांगायचं. दादाच्या खिडकीखाली असले उद्योग कशाला?"

जावेचा चेहरा उतरला. "ताई, यांना झाड कुठलं आणि गवत कुठलं हे तरी कळतं का? पाणी तर मी घालते. रोज संध्याकाळी. भाजी धुतलेलं पातेलंभर पाणी असतं, वाया कशाला घालवायचं म्हणून तुमच्या झाडांना."

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही मी."

न्हाणीघराच्या दाराआडून दिराचा आवाज आला, "वहिनी, मी काय केलं?"

"काही नाही, भाऊजी. आंघोळ करा."

खाली येऊन तिनं नवऱ्याला विचारलं. खिडकीशी दिवसभर बसलेल्या माणसानं सगळं पाहिलेलं होतं. सकाळी फिरून आल्यावर शिंपीकाका बाटलीतलं उरलेलं पाणी ओततात. शाळेतून येणारी पोरं नळाला पाईप लावून वाहनं धुतल्यासारखी झाडं धुतात. पहिल्या मजल्यावरची आजी तांब्या घेऊन येते. संध्याकाळी जाऊ. आणि सकाळ-संध्याकाळ कंडक्टरबाई स्वतः.

"मग मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तूच पाळ्या लावून दिल्यास." मग त्यांनी मेकॅनिकचं निदान सांगितलं. "इंजिन ओव्हर झालंय. पेट्रोल जास्त गेलं की गाडी सुरू होत नाही. पेट्रोल बंद कर आणि वाळू दे."

तिनं उठून कात्री आणली. सभेला महिना-सव्वामहिना उरला होता. जिथवर काडी काळी होती तिथवर कापून टाकली, वरचा धड तुकडा बाजूला ठेवला. सडलेलं सगळं उपसून पोत्यात भरलं. मातीत विटांचा चुरा आणि वाळू मिसळली, टाकीच्या कडेचा बुजलेला निचरा सळईनं मोकळा केला आणि पुन्हा पाट घेऊन बसली. नळाची फिरवायची चावी तिनं काढून घेतली आणि पदराला बांधली.

संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून तिनं ज्या आवाजात गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं त्या आवाजात सांगितलं, "टाकीवरच्या झाडांना कुणीही पाणी घालायचं नाही. घोटभर नाही, थेंबभर नाही. सुकलेली दिसली तरी दया करायची नाही. कुणाला फारच राहवलं नाही तर त्यानं स्वतः पाणी प्यावं आणि वर जावं."

पहिल्या मजल्यावरची आजी म्हणाली, "अगं, पण जीव आहे त्यांच्यात."

"म्हणूनच सांगतेय, आजी."

पुढचे दिवस तिला जड गेले. कडक उन्हात माती तापून पांढरी व्हायची, काड्या माना टाकून पडायच्या. ती खिडकीशी येऊन उभी राहायची आणि नवरा तिच्या पदराच्या गाठीकडे बघायचा. माती बोटभर खोल खरवडून पाहिल्याशिवाय तिनं पाणी घातलं नाही. हळूहळू पानं फुगली, काड्या कुंपणाच्या विटांपर्यंत पोचल्या, शेंड्यांवर कळ्या दिसल्या. एका सकाळी पहिलं फूल उघडलं, लालभडक. आठवड्यात एवढी उघडली की शिंपीकाका दुकानात जायच्या आधी उभे राहून दोऱ्यांच्या रिळांच्या भाषेत रंग ओळखायला लागले.

मग जाऊच एकदा कामाचं बोलली. संध्याकाळी ती मुद्दाम फुलं बघायला खाली आली तर टाकीवर नुसती हिरवळ आणि मिटलेल्या चुरगळलेल्या पुड्या.

"ताई, सभा संध्याकाळी सातला असते ना?"

कंडक्टरबाईचं आयुष्य वेळापत्रकात गेलं होतं. या झाडाची वेळही तिला ठाऊक होती आणि सभेचीही. दोन्ही वेळा शेजारी ठेवून बघायचं मात्र राहून गेलं होतं. ती तशीच दिराकडे गेली.

"सभा सकाळी घ्या."

"वेळ बदलायची तर पंधरा दिवस आधी कळवावं लागतं, वहिनी. नियम आहे."

"कुणी केला?"

"मीच," दीर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"ठीक आहे. मग लोकांना मी सकाळी आणते."

ती घरोघर गेली. सभेच्या रविवारी अकराला सगळ्यांनी मागच्या बाजूला यायचं, हे तिनं विनंती म्हणून सांगितलं नाही. लोक आले. कुणी दाढीचा साबण पुसत, कुणी हातातलं वर्तमानपत्र घेऊन. आणि आभाळ भरून आलेलं. कळ्या घट्ट मिटलेल्या. ढगाळ असलं की हे झाड उघडतच नाही.

माणसं दोन मिनिटं उभी राहिली, मग चुळबुळ सुरू झाली. इमारतीतल्या मोटारसायकलवाल्या तरुण जोडप्यातला नवरा म्हणाला, "मावशी, फुलांचं नंतर कधीतरी..."

"कुणी उतरायचं नाही," कंडक्टरबाई म्हणाली. "गाडी उभी आहे, बंद पडलेली नाही."

खिडकीतून मेकॅनिक म्हणाले, "बसा हो सगळे. ही मधल्या थांब्यावर कुणाला सोडत नाही."

लोक हसले आणि पायऱ्यांवर बसले. कुणीतरी चहा आणला. तासाभरानं ढग सरकले, टाकीवर ऊन पडलं. फुलं एकदम उघडली नाहीत. आधी भिंतीकडची दोन, मग मधली, मग कुठून सुरुवात करून कुठे बघावं ते कळेनासं झालं. मोटारसायकलवाला उकिडवा बसून मधमाश्या बघत राहिला. दीर मात्र तिथे नव्हता. संध्याकाळच्या सभेत दाखवायला फरशांचे नमुने आणायला तो गेला होता.

सातला सभा भरली. सेक्रेटरीनं नमुने टेबलावर मांडले आणि टाकीकडे बोट दाखवलं. "वहिनींनी कष्ट केलेत, ते मान्य. पण खरं सांगा, फुलं कुठे आहेत?"

"सकाळी होती," शिंपीकाका म्हणाले. "तुम्ही नव्हतात."

"सात रंगांची होती," आजी म्हणाली. "तुझं बघायचं राहिलं, त्याला झाड काय करणार?"

तरीही गाड्यांचा प्रश्न खोटा नव्हता आणि तो बोलला गेला. रस्त्यावर लावलेल्या गाड्यांचे आरसे चोरीला जातात, पावसात भिजतात. वाद बराच वेळ चालला. शेवटी हात वर करायला सांगितलं, तेव्हा फरशांच्या बाजूनं बरेच हात होते. बागेच्या बाजूनं त्याहून थोडे जास्त, आणि त्यांत एक सेक्रेटरीच्या बायकोचा होता. मोटारसायकलवाल्यानं दोन्ही वेळा हात खालीच ठेवला. ठरलं असं की जागा वर्षभर आहे तशी राहील, पुढच्या सभेत पुन्हा बघू.

"वर्षाचा पास मिळाला," कंडक्टरबाईनं घरात येऊन सांगितलं.

"मुदत संपायच्या आत नवा काढ," मेकॅनिक म्हणाले आणि खिडकीचं दुसरं दारही ढकलून उघडलं.

सोमवारी सकाळी ती पाट आणि कात्री घेऊन टाकीवर बसली. लांबलेल्या काड्या निम्म्यावर छाटायच्या होत्या, म्हणजे झाड दाट होतं, आणि छाटलेल्या काड्या उरलेल्या उघड्या कोपऱ्यात खोचायच्या होत्या. ऊन चढायला अवकाश होता. पायऱ्यांवर जाऊ येऊन उभी राहिली. हातात पातेलं होतं.

"ताई, नव्या काड्यांना तरी? थोडंसं?"

कंडक्टरबाईनं वर न बघता पदराची गाठ चाचपली. "चल, पुढे सरक."

जावेनं पातेलं तसंच तीन मजले वर नेलं.