गुरुजींची बत्तीस गाणी

सौंसरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॅबिनेटचं झाकण उघडलं की दोन गोष्टी सापडतातच, धूळ अन् किस्सा. धूळ ब्लोअरनं उडते. किस्से दुकानातच साचून राहतात, अन् त्यातले निम्मे बत्तीस-चौसष्टचे!

जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधली सिस्टीम बत्तीस बिटची. नवीन सगळं चौसष्टवर चालतं. त्यामुळे ब्राउझर अपडेट होईना, साइट उघडेना, अशी तक्रार घेऊन जो येईल त्याला मी एकच सांगतो, "चौसष्ट करून टाका."

* * *

जंगल खात्यातले एक रिटायर नाकेदार आले. त्यांना बिट समजावता समजावता माझा घसा सुकला. ते हादरलेच!

"अबे, माह्याकडं नोकरीभर जंगलाची एकच बीट होती. तेच सांभायता सांभायता गुडघे गेले. याले चौसष्ट देल्या तं हा फिरन कवा?"

* * *

पांढुर्ण्याहून एका बाईंचा फोन. "भाऊ, चौसष्ट केलं तं आवाज मोठा येईन का?"

"नाही ताई."

"चित्र मोठं?"

"नाही. जे चालू आहे ते चालू राहील, एवढंच."

"म्हंजे निवडणूक झाली म्हना!"

* * *

पण लोधीखेड्याच्या गुरुजींसारखं घोळ घालणारं गिऱ्हाईक दुसरं नाही. त्यांनीच मला पाढे शिकवले. नागपूरच्या नातीचा व्हिडिओ कॉल लागेना म्हणून आले, अन् चौसष्ट ऐकून भडकले. "देवानं मानसाले दात बत्तीस देले, तेवढ्यात तो जेवते. याले चौसष्ट कायले?"

खरी भीती वेगळीच होती. गुरुजींची बायको, म्हणजे आमच्या काकू, मोहगावच्या. त्यांची हळदीची गाणी गुरुजींनी वीस वर्षांआधी एका जुन्या टायपिंग प्रोग्रामात उतरवून ठेवली होती. मोजून बत्तीस. ती फाइल दुसऱ्या कशात उघडत नव्हती, अन् तो प्रोग्राम चौसष्टवर चालत नाही. प्रिंटर तर केव्हाच मेला होता.

"गाने गेले तं तुही काकू मले घरात घेईन का?"

तीन आठवडे गुरुजी रोज येऊन दुकानाच्या बाकावर विचार करत बसले! शेवटी मी म्हणालो, "प्रोग्रामची सीडी असेल तर माझ्याकडच्या जुन्या मशीनवर टाकतो. गाणी शाबूत राहतील."

"सीडी घरीच हाय ना बे! करून टाक चौसष्ट!"

गाण्यांची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मी जुनं पुसून नवं टाकलं. पडद्यावर नात दिसली, गुरुजींचे डोळे भरून आले. मग मी सीडी मागितली.

* * *

मला घरी नेऊन गुरुजींनी कपाट उपसलं, पेटी उपसली. अन् एकदम खालीच बसले.

"रामाकोन्याच्या बगीच्यात हाय. संत्र्याच्या झाडाले टांगली. पाखरं हाकलाले."

तसेच गाडीवर निघालो. सतरा झाडांना सतरा सीड्या! उन्हापावसानं सगळ्यांचे पापुद्रे निघालेले. पाखरं मजेत फांद्यांवर बसून होती. चूक माझीच होती. सीडी हातात घेतल्याशिवाय मी काही पुसायलाच नको होतं.

* * *

आम्ही दोघं काकूंसमोर जाऊन उभे राहिलो. गुरुजी माझ्या मागं सरकले. मीच बोललो, "काकू, गाणी गेली."

काकू हरभऱ्याची भाजी निवडून राहिल्या होत्या. "कुठी गेली?"

"फाइल उघडूनच नाही राहिली."

"बाप्पा! मंग त्यानं काय होते? ह्यायले ते गाने सांगतले कोनं होते?"

अन् मान वर न करता काकूंनी पहिलं गाणं म्हटलं. लगेच दुसरं. माझा जीव भांड्यात पडला! एवढे दिवस बाकावर डोकं खाजवलं, पण काकूंना विचारावं हे आम्हा दोघांपैकी एकाला सुचलं नाही. गुरुजी वही शोधायला धावले.

काकू थांबल्या. "काहून रे, आता चौसष्टचं झालं ना?"

"हो काकू."

"मंग बाकीचे बी लिवा. तवा हे म्हनत, आपलं मशीन बत्तीसचं हाय. म्हनून म्या अर्धेच सांगतले होते!"