नामदेवकाकांच्या पेशी

लॅबमध्ये आम्ही धूळ साठू देत नाही. किस्से मात्र साठतात, त्यांच्यावर फिनेलचा काही उपाय चालत नाही.

आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये माणसाच्या पेशी बाटलीत वाढवतात. बाटली भरली की अर्ध्या पेशी नव्या बाटलीत काढायच्या, वर पुढचा आकडा टाकायचा. काही महिन्यांनी पेशी म्हाताऱ्या होतात, वाढ थांबते. दुसऱ्या लॅबमध्ये लोक तेव्हा कपाळाला हात लावतात. आमचा विषयच म्हातारपण, त्यामुळे आमच्याकडे अभिनंदन सुरू होतं!

*

पीएच.डी. करणाऱ्या वैशालीला अशा थांबलेल्या पेशी हव्या होत्या, त्याही फेलोशिप संपायच्या आत. तिच्या पहिल्या पेशी थांबेचनात. सत्तरावा आकडा आला तरी सुसाट! ती धावत गाईड सरांकडे गेली. "सर, या तर अमर निघाल्या!"

सरांनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. "अमरच आहेत. शेजारच्या बाटलीतल्या कॅन्सरच्या पेशी शिरल्यात."

सगळं फेकलं. पुन्हा शून्यापासून.

*

नव्या पेशी आमच्या अटेंडंट नामदेवकाकांच्या. पाठीवरची गाठ काढली तेव्हा त्यांनी सही करून कातडीचा तुकडा दिला. देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असतं. आम्ही ठेवलं. काकांनी दुपारपर्यंत कॅन्टीनभर सांगितलं, "मी आता दोन ठिकाणी ड्युटी करून राहिलो!"

*

रोज सकाळी काका वैशालीला विचारत, "किती झाले वं?"

"अठरा."

काकांची छाती फुगे, वैशालीचा चेहरा पडे. सर एकदा म्हणाले, "काका, तुमच्यामुळे पोरीची पीएच.डी. अडली."

"मी काय करू सर? आमच्या कुही गावचा तांदूळ आहे अंगात!"

*

नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या पेशी म्हाताऱ्या होत नाहीत, हे काकांना कळलं. "सर, रिटायरमेंटले चार महिने उरले. मले बी ठेवा ना त्या टाकीत!"

"ठेवतो. पण बाहेर काढलं की मोजणी तिथूनच पुढे सुरू."

"म्हणजे चारच महिने? मंग काय फायदा!"

*

सत्ताविसाव्या आकड्यावर काकांच्या पेशी थांबल्या. फेलोशिप संपायला जेमतेम महिना होता. वैशालीचं काम झालं. सर म्हणाले, "आता ती बाटली टाकून द्यायला हरकत नाही."

पण काकांना सांगणार कोण? ते विचारत, वैशाली म्हणे, "चालू आहे, काका." खोटं बोलताना तिला फार वाईट वाटे.

एके दिवशी काकाच म्हणाले, "स्टोअरमधून बाटल्या मीच आणून देतो ना वं? तीन हप्ते झाले, तू नवीन मागितलीच नाही. लपवून काहून राहिली?"

वैशाली रडायलाच लागली.

"मेल्या का?"

"नाही काका. जिवंत आहेत. फक्त वाढत नाहीत."

काकांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा घातला आणि म्हणाले,

"मंग त्यायचं खाणं नको बंद करजो."