जिने कधी वीट भाजली नाही

यंदाच्या होळीनंतर चौथ्या दिवशी, सकाळी अकरा वाजायच्या आत, धडगावच्या वर डोंगरात राहणाऱ्या एका विधवा बाईचं घर अर्धवट राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं.

तिच्या घराच्या भिंती कुडाच्या. बांबूच्या कामट्या विणायच्या, वर शेणमाती लिंपायची. जुना कूड किडला म्हणून तिने आदल्या दिवशी उतरवला होता. नवे बांबू तिने थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडून आणले होते. तेव्हा तोडलेल्याला कीड कमी लागते म्हणतात. त्या दिवशी लाहा होता. तिकडे घर एकट्याने उभं करत नाहीत. घरटी एक माणूस येतो, दिवसभरात भिंती उभ्या होतात, घरधनीण सगळ्यांना जेवू घालते.

मी संस्थेचा कार्यकर्ता, म्हसावदहून पत्रकांचा गठ्ठा घेऊन पोचलो. बांधकामाचा धूर कमी करणाऱ्यांना सरकारी मदत, भट्टीच्या विटेऐवजी न भाजता होणारी राखेची वीट वापरा, असा मजकूर. तो मीच लिहिला होता.

"मावशी, लाहा थांबवा," मी म्हणालो.

"का भाऊ? माणसं सांगून झाली. डाळ तेवढी शिजवायची आहे."

"राखेच्या विटांचं पक्कं घर होईल. हवा खराब न करणाऱ्या घराला सरकार मदत देतंय."

"माझ्या घराने हवा कधी खराब केली?"

मी उत्तरादाखल पत्रकच मोठ्याने वाचून दाखवलं. सरकारी शिक्क्याचा अर्ज बघून तिने अंगठा दिला आणि लाहा मोडला. आठवड्याभरात निम्मं गाव मजुरीला गुजरातेत गेलं, पुन्हा लाहा सांगायला माणसं उरली नाहीत.

पाऊस तोंडावर असताना अर्ज परत आला. मी कचेरीत जाऊन भांडलो. आम्हा कार्यकर्त्यांना भांडता चांगलं येतं.

"साहेब, यात चूक काय आहे?"

"चूक नाही हो," टेबलामागचा माणूस म्हणाला. "मदत धूर कमी केल्याची आहे. या बाईंच्या घरात वीट कधी होतीच कुठे? त्या कमी काय करणार? एक भट्टी लावा, मग बंद करा, मग या."

आजूबाजूचे हसले. त्याने नियमाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. ते पान मी वाचलं नव्हतं. पहिल्या दोन पानांवरच माझं पत्रक तयार झालं होतं.

घरी सांगितलं तर आई भाकरी थापता थापता अहिराणीत म्हणाली, "तुन्हं घर पक्कं शे ना? मंग तिन्हा लाहा मोडाले का बरं गयथा तू?" आमचं घर भाजक्या विटांचं आहे. वर स्लॅब. ते बांधताना पत्रक घेऊन आमच्या दारात कोणीही आलं नव्हतं.

भर पावसात मी वर गेलो. खांबांना प्लॅस्टिक बांधलेलं, आत ती आणि तिच्या शेळ्या. धान्य भावाकडे ठेवलेलं. तोडलेले बांबू उघड्यावर भिजून काळे पडले होते. मी माफी मागितली.

"या खेपेला कागद पूर्ण वाचलास का?" तिने विचारलं. रागाने नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. मग म्हणाली, "आता दिवाळीनंतर, अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडू. तू येशील?"

"येईन."

"तुला कामटी काढता येते?"

"नाही."

"मग चार जणं जास्त आण."

ही चार माणसं मी तुमच्यातून मागतोय. नंदुरबारला, शहाद्याला स्लॅबखाली बसून माझं पत्रक वाचून ज्यांनी मान डोलावली, त्यांच्यातून. आधी कचेरीला पत्र लिहा की शेणमातीच्या भिंतीलाही या मदतीत जागा द्या. मग दिवाळीनंतरचा एक दिवस मोकळा काढा, धडगावच्या जीपमध्ये बसा आणि तिच्या भिंतीला माती लावायला या.