पहिल्या राजाच्या थडग्यावरचं गवत

दक्षिण कोरियात, सोलच्या पूर्वेला, गुरी शहरात थे बोकशिल नावाच्या म्हातारीचं थंड शेवयांचं दुकान आहे. शेवया इतक्या तिखट की गिऱ्हाईक नाक पुसत खातं आणि तरी पुन्हा येतं. तिची जीभही काही कमी तिखट नाही. कोरियन युद्धाच्या हिवाळ्यात, लहान पोर असताना, ती आईच्या पाठुंगळी बसून उत्तरेतल्या हामहुंगहून निघाली आणि दक्षिणेकडच्या जहाजात चढली. मग दोन कोरियांमध्ये सीमा आडवी पडली. आई जन्मभर "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत राहिली आणि तशीच गेली.

दुकानापासून जवळच राजघराण्याची थडगी आहेत. सगळ्यांवर कातरलेली मऊ हिरवळ, फक्त पहिल्या राजाच्या थडग्यावर कमरेएवढं रानगवत. राजा हामहुंगकडचा. मला तिकडेच पुरा म्हणत होता म्हणे. ते जमलं नाही, म्हणून मुलाने तिकडची माती आणि गवत आणून वर लावलं. बोकशिलला एवढं पुरेसं होतं. तिच्या लेखी हामहुंग आता फक्त थडग्याभोवतीच्या दोरीपलीकडे होतं. त्या गवताला एकदा हात लावायचा, एवढाच तिचा हट्ट. ती दोरी ओलांडायची आणि पहारेकरी तिला धरून खाली आणायचे.

"आजी, पुन्हा तुम्ही?"

"माझ्या गावी चाललेय. तू कोण अडवणारा?"

हे गवत वर्षातून एकदाच, वसंतात हानशिकच्या, म्हणजे पूर्वजांची थडगी साफ करायच्या सणाच्या दिवशी पूजा करून कापतात. यंदा शहरातल्या काही म्हाताऱ्यांनाही विळा द्यायचं ठरलं आणि बोकशिलचा नंबर लागला. पण तोवर गुडघ्यांनी दगा दिला होता.

चढाच्या पायथ्याशी अधिकाऱ्याने खुर्ची पुढे केली. "आजी, तुम्ही इथेच बसा. वरून एक पेंढी आणून देतो."

"आणून दिलेलं नको," बोकशिल म्हणाली. "आईने जन्मभर गावाच्या ऐकीव गोष्टींवरच समाधान मानलं. मी नाही मानणार."

सून ह्येरान हळूच म्हणाली, "आई, डॉक्टर काय म्हणालेत?"

"त्या डॉक्टरला यापुढे शेवया कमी वाढ. आणि बोलू नकोस, मागून ढकल."

ह्येरानने ढकललं. चार पावलं, की थांबणं. अर्ध्यावर म्हातारी मटकन बसली. खाली कुजबुज सुरू झाली, वर पांढऱ्या झग्यातली वडीलधारी मंडळी खोळंबली. मग तिने दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि सरळ रांगत निघाली.

वर पोचल्यावर तिला विळा मिळाला. पहिल्याच मुठीला पात्याने बोट कापलं. रक्त बघून ती खुदकन हसली. "चावलं बघ. ओळखलंन मला." मूठभर कापायचं होतं, तिने कवळभर कापलं, आणि ते मांडीवर घेऊन तिथेच फतकल मारली.

"आजी, आता उतरायला हवं," अधिकारी म्हणाला.

"इतक्या वर्षांनी माहेरी आलेय. आल्या आल्या कोणी जा म्हणतं?"

पूजेची तांदळाची दारू घेऊन उभे असलेले वृद्ध गृहस्थ वाकले आणि त्यांनी एक पेला तिच्या हातात दिला. बोकशिलने तो थडग्याकडे उंचावला.

"महाराज, तुम्हाला पोचता आलं नाही," ती म्हणाली. "मी पोचले."

आणि पेला तिने एका दमात रिकामा केला.