शेवटच्या बंदिशीतला मध्यम

मंगळवारी सकाळी ते विद्यापीठात गेले. वर्गात शिकवताना खाली बसले आणि उठले नाहीत. मी पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

माझे यजमान संगीत विभागात शिकवत आणि बंदिशी बांधत. त्या लिहून ठेवणं त्यांना पटत नसे. तोंडून द्यायच्या, तोंडून घ्यायच्या. बढतीच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं होतं, "आपलं प्रकाशित साहित्य काय?"

"मुलं गातात," ते म्हणाले.

बढती लांबली. घरी त्यांनी हे हसत सांगितलं, मला मात्र हसू आलं नाही.

नवी बंदिश वर्गात नेण्याआधी ते माझ्यावर तपासून बघत. मी ग्रंथपाल होते, गाणं शिकलेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते फक्त स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, दोन-तीनदा म्हणत आणि निघून जात. पुढे कधीतरी भाजी निवडताना मी ती आपसूक गुणगुणले, तरच अंतरा, म्हणजे पुढचा भाग, बांधायला घेत. तोवर फोनवर ध्वनिमुद्रणही करू देत नसत.

"अहो, मी बेसूर म्हणते," मी एकदा म्हटलं.

"म्हणून तर तुला देतो. तुझ्या गळ्यात टिकलं तर कुणाच्याही गळ्यात टिकेल."

शेवटची बंदिश शुद्ध सारंगातली होती. सोमवारी गवार मोडताना मी ती गुणगुणले. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "झालं. आता अंतरा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो मंगळवार आला.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची वारज्याची विद्यार्थिनी घरी आली. "काकू, सर म्हणाले होते, नवीन काहीतरी येतंय. तुम्हाला येत असेल ना?"

तिने तंबोरा लावला. मी स्थायी म्हणून दाखवली. शब्द सगळे आठवले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिने मला थांबवलं.

"इथे शुद्ध मध्यम की तीव्र?"

मध्यम, म्हणजे 'म' हा स्वर, या रागात दोन्ही प्रकारे लागतो, हेही तिनेच सांगितलं. तिने दोन्ही गाऊन दाखवले. पहिला ऐकताना तोच बरोबर वाटला. दुसरा ऐकताना तोही.

"परत म्हणा ना, विचार न करता."

मी म्हटलं. या वेळी स्वर दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडला. तिने तारांवर हात ठेवला.

तेव्हापासून मी दुसरं कुठलंही गाणं ऐकत नाही. नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झाला की नारायण पेठेतल्या या घराच्या खिडक्या लावून घेते. भाजी निवडायला बसते, मुद्दाम भलताच विचार करते आणि चाल आपणहून ओठांवर यायची वाट बघते. ती येते, पण मी कान दिला की बिघडते. आताशा तर दर वेळी थोडी वेगळीच येते. त्यातलं त्यांचं किती आणि माझं किती, हे सांगू शकणारा माणूस आता नाही.

विद्यार्थिनी अजून येते. "तुम्ही म्हणाल तो मध्यम लावते, काकू," म्हणते. मी सांगत नाही. मी सांगितलेला स्वर उद्या ती त्यांचा म्हणून पुढच्यांना शिकवील.

त्यांच्या शेवटच्या बंदिशीची आता स्थायी तेवढी आहे, आणि तिच्यातला एक स्वर मला माहीत नाही.