देऊळगाव राजाचं बिनदुधाचं भोजनालय

माझा चुलतभाऊ वसंता सरकीच्या व्यवहारासाठी देऊळगाव राजाला जाऊन आला आणि पायातल्या चपला काढायच्या आधीच म्हणाला, "सुमे, काकांना इकडे पुण्याला घेऊन ये. मला त्यांनी बिनमिठाचा उकडलेला भोपळा वाढला, आणि वर शेंगदाण्याच्या दुधाचा चहा पाजला!" चहाचं ऐकून मी पोट धरून हसले. पण मग तो म्हणाला, "आणि फार वाळलेत गं," तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

बाबा म्हणजे हेडमास्तर. वऱ्हाडभर बदल्या झाल्या, शेवटची देऊळगावला. आई त्याआधीच गेली होती, मी लग्न होऊन पुण्याला आले होते. नोकरी संपली तरी ते तिथेच राहिले आणि त्यांनी खाणावळ काढली. दारावर पाटी लावली: 'निर्दुग्ध भोजनालय'. दूध, दही, ताक, तूप यातलं काहीही मिळणार नाही. मी लहान असताना आमच्या गायीचं वासरू मेलं, आणि त्याच दिवशी चुलीवर बासुंदी आटत होती. तेव्हापासून बाबांनी दुधाला तोंड लावलं नाही. आमच्यावर कधी सक्ती केली नाही हो, पण गिऱ्हाइकांवर मात्र पुरेपूर केली!

शाळेला नाताळची सुट्टी लागली तशी मी निघाले. बाबांना घेतल्याशिवाय परतायचं नाही असं घरी सांगूनच.

तुम्ही जाणार असाल तर रस्ता असा: दौंडला गाडी बदला, मनमाडला पुन्हा बदला, आणि तिथून निजामाच्या छोट्या गाडीने जालना. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हद्दीत, शिरताना जकातीसाठी पेट्या उघडून दाखवाव्या लागतात. माझ्या पेटीत बाबांसाठी नवा गरम कोट होता. नाक्यावरच्या शिपायाने तो उलटासुलटा करून इतका वेळ पाहिला की मला वाटलं आता घालूनच बघतो. जालन्याला स्टेशनाबाहेर कांद्याची भजी खा. पोटभर खा. का ते पुढे कळेलच.

जालन्याहून सर्व्हिस मोटार. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. चढावर थांबायचं, क्लीनरने खाली उतरून निखारे ढवळायचे, मग पुन्हा निघायचं. मागच्या बाकावर अजिबात बसू नका, नाहीतर उतरताना तुमची माणसंही तुम्हाला ओळखणार नाहीत. बाकी रस्ता छान. दोन्हीकडे कणसाला आलेली ज्वारी, मधे मधे कापूस वेचणाऱ्या बायका, आणि थंडीचं कोवळं ऊन. मोगलाई संपून वऱ्हाड लागलं तसं मोटारीतलं कोणीतरी म्हणालं, "सरका ना बे जरासक," आणि मला लहानपण आठवून एकदम भरून आलं. पुण्यात मी चुकून 'मले' म्हटलं की सासरची मंडळी अजून हसतात.

माझ्या शेजारी जालन्याचे एक अडते होते. देऊळगावात उतरल्यावर त्यांनी विचारलं, चांगली खाणावळ कुठे? मी अभिमानाने त्यांना बाबांकडे नेलं. कपाळ माझं!

बाबा खरंच वाळले होते. पण मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मी रागवायचं विसरले. अडत्यांना त्यांनी पाटावर बसवलं, ताट मांडलं. वाफवलेला भोपळा, भिजवलेले शेंगदाणे, जाड भाकर आणि कोथिंबिरीचं पातळ सार.

"मास्तर, तूप?"

"तूप नाही."

"मग ताक तरी?"

"ते वासराचं."

"आणि आमचं काय?"

"तुमचा भोपळा."

अडत्यांनी एक घास खाल्ला आणि तांब्याकडे हात नेला. बाबांनी तांब्या उचलून घेतला. जेवताना पाणी प्यायल्याने जठराग्नी मंद होतो म्हणे. घास नीट चावा, म्हणाले. भाकरीला मीठ मागितलं तर, भाकरीत उपजत असतं, म्हणाले. शेवटी अडते उठले, पागोटं सारखं केलं, "मास्तर, आमचा जठराग्नी आता डोक्यात गेला," म्हणाले आणि चालते झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "मला वाढा, आणि तुम्हीही बसा."

"थांब जरा. एखादा पाहुणा जेवू दे आधी."

"मग मी कोण?"

"तू घरची."

भुकेने माझ्या पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात रंगोबा शिंपी धापा टाकत आला, गळ्यात मापाची पट्टी तशीच. "मास्तर, वाढा लवकर! लई भूक लागून राह्यली!" असं म्हणून तो पाटावर बसला आणि तो भोपळा डोळे मिटून गिळू लागला. काढा घेतल्यासारखा. मधेच माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तरच्या हाताले चवच अशी हाय, बाई." खोटं बोलताना माणसाने इतकं घामाघूम होऊ नये. तो हात धुवायला उठला, मग आम्ही बापलेक जेवलो. भोपळा वसंता म्हणाला होता त्याहून वाईट होता.

रात्री मी विषय काढला. वरची खोली रिकामी आहे, जावयांनीही मनापासून बोलावलंय. बाबा 'बघू' म्हणाले आणि उद्याचे शेंगदाणे भिजवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीच्या दर्शनाला गेले. सकाळीच जा, गर्दी नसते आणि मंडपात शांत बसता येतं. येताना नदीकाठी सखाराम माळ्याचा मळा लागला. बाबांकडे भोपळे इथूनच जातात. मी मनात म्हटलं, बरा धंदा आहे! त्याची बायको चंद्रभागाबाई मेथी खुडत होती. मास्तरांची लेक म्हटल्यावर, "आमचे हे आज तुमच्याकडंच जेवाले येतीन," म्हणत तिने मला ओढतच घरात नेलं. चुलीवरून उतरलेली भाकर, भाजल्या वांग्याचं भरीत, जवसाची चटणी, कच्चं तेल. अहाहा! अर्धी भाकर संपल्यावर माझ्या लक्षात आलं, यातही दुधाचा थेंब नव्हता की तुपाचं बोट नव्हतं.

"तुम्ही असं जेवता आणि तुमचे मालक आमच्याकडे येऊन तो भोपळा खातात?" मी विचारलं.

ती हसली. "आज त्याह्यचीच पाळी हाय."

"कसली पाळी?"

"तुमाले कोनी नाही सांगतलं? पन मास्तरले कळू देऊ नका." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "कोनी जेवल्याबिगर मास्तर घास घेत नाहीत, बाई. गेल्या पावसाळ्यात नदीले पूर होता, मोटारी बंद. गिऱ्हाईक कुठून येईन? आमचे हे भोपळे द्याले गेले, त पाटासमोर ताट मांडेल होतं, अन् मास्तर ओट्यावर बसून रस्त्याकडं पाहून राह्यले. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नाही. यायनं तिथंच बसून ताट साफ केलं, तवा मास्तर जेवले. मंग गावानं ठरवलं, दिवस वाटून घेतले. आपल्या पोरायले शिकवलं त्या मानसानं. असं उपाशी कसं ठेवाचं?"

"आणि काल रंगोबा?"

"कालचा दिवस त मोटारीच्या पाहुन्यावर निघून जाईन वाटलं होतं. तो अडत्या चिडून जाताना दिसला, अन् रंगोबा मशीन सोडून पयाला!"

मी तिथेच भाकर हातात धरून रडले. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं चटणी तिखट लागली. खरं सांगायचं तर मला थोडी लाजही वाटली आणि थोडा हेवाही. ज्या माणसाला मी एकटा समजून न्यायला आले होते, त्याची काळजी अख्खं गाव आळीपाळीने वाहत होतं.

दुपारी सखाराम आला, इमानाने जेवला, ढेकरसुद्धा दिला. तो गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "पुण्याला चला. तिथे रोज मी आधी जेवेन, मग तुम्ही जेवा."

बाबा पुढचा भोपळा चिरत होते. "तू जेवशील, मला माहीत आहे. पण उद्या बुधवार, म्हणजे तुकाराम सुताराचा दिवस. बायको गेल्यापासून त्याच्या घरी चूल पेटत नाही. आणि त्याला दात नाहीत, म्हणून बुधवारी मी सगळं मऊ शिजवतो."

"बाबा! तुम्हाला पाळ्यांचं ठाऊक आहे?"

"हेडमास्तर होतो गं मी. पोरांनी आपसात काही ठरवलं की मास्तरला कळतंच." मग हळूच म्हणाले, "त्यांना सांगू नकोस. उगाच ओशाळतील."

"अहो, मग निदान मीठ तरी घाला त्यात! कशाला छळता त्यांना?"

ते एवढे हसले की सुरी खाली ठेवावी लागली. "मीठ प्रकृतीला वाईट," म्हणाले. कोट तेवढा त्यांनी ठेवून घेतला.

मी एकटीच परत आले. घरच्यांनी विचारलं, बाबा कुठे? मी म्हटलं, त्यांना वेळ नाही. वसंता अजून म्हणतो की मी हात हलवत आले. म्हणू दे. रोज दुपारी पानावर बसले की मनात पहिला विचार तोच येतो: आज कोण गेलं असेल? गेलं असेल ना?

म्हणून, वाचकहो, एवढंच सांगते. कधी देऊळगाव राजाला गेलात तर बालाजीचं दर्शन घ्या, आणि मोटारतळासमोरच्या बोळात, त्या पाटीखालच्या दारात शिरा. जेवण वाईट आहे. पाणी मिळणार नाही. तूप मागू नका. पण ताट संपवा. तुम्ही उठल्याशिवाय माझे बाबा जेवत नाहीत.