सातव्या पिंजऱ्याचं पाणी

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. कोलेस्टेरॉलच्या एका नव्या औषधाची पांढऱ्या उंदरांवर तपासणी चालू होती. औषध तोंडावाटे द्यायचं, ते रक्तात कधी उतरतं, कधी ओसरतं ते बघायचं आणि तीन दिवस लघवी, लेंड्या वेगवेगळ्या गोळा करायच्या. शेवटी पिंजरा धुतलेलं पाणीही बाटलीत ठेवायचं, कारण जाळीला चिकटलेल्या लेंड्यांतलं औषधसुद्धा मोजावं लागतं.

सातव्या पिंजऱ्यातल्या उंदराचं गणित जुळेना. बाकीच्यांचं बहुतेक औषध लेंड्यांतून बाहेर पडलेलं दिसत होतं, याचं बरंच कमी भरलं.

आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "पिंजऱ्याचं पाणी नीट घेतलं होतंस ना?"

"हो मॅडम."

खरं तर पहिलं पाणी मी घाईत सिंकमध्ये ओतलं होतं. लक्षात आल्यावर पुन्हा पाणी मारून बाटली भरली आणि लेबल चिकटवलं.

"मग याच्या लिव्हरमध्ये साठत असेल का?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी तसं टिपूनही घेतलं.

पुढचे दोन दिवस मला कुठे बसवेना. कात्रपला घरी आले की भाजी चिरता चिरता उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. बाबा जेवणानंतर त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायचे. ती गोळी घशाखाली उतरेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत बसायचे.

"काय गं, एवढं काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

"ही गोळीसुद्धा कुणीतरी अशीच तपासली असेल ना?"

"असेलच की. नीट तपासली म्हणून तर घेतो."

तिसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आधीच मी त्यांच्या केबिनबाहेर उभी होते. सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "जसं झालं तसं लिही. तारीख घाल, सही कर. या उंदराचे आकडे आता धरता येणार नाहीत. दुसरा घ्यावा लागेल."

दुसरा घ्यावा लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोजमाप संपलं की यातला एकही उंदीर जिवंत राहत नसे.

जनावरांची देखभाल करणारे काका मोरिवलीचे होते. त्यांनी एक उंदीर उचलून माझ्या हातात दिला. "हा घ्या ताई. गरीब आहे, चावायचा नाही."

मी त्याला औषध दिलं. तो मुकाट गिळत राहिला. तीन दिवस मी त्याच्या पिंजऱ्यापाशी पुन्हा पुन्हा जाऊन येत होते, काम नसतानाही. या वेळी प्रत्येक थेंब ठेवला आणि आकडे बाकीच्यांसारखेच आले. लिव्हरमध्ये काही साठत नव्हतं. मॅडमनी ती नोंद खोडून शेजारी सही केली आणि मला म्हणाल्या, "चांगलं केलंस."

काका तेव्हा त्या उंदराचा रिकामा पिंजरा धुवायला घेऊन चालले होते.